सरासरी ४४४ रुपये: ऑनलाइन जुगारातलं नुकसान मोजायचं कसं?

आज एका साध्या भागाकारापासून सुरुवात करू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक आलं, तेव्हा सरकारच्या बाजूने एक आकडा सगळीकडे छापून आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सचा देशातल्या अंदाजे ४५ कोटी लोकांना फटका बसलाय आणि त्यांचे २० हजार कोटींपेक्षा जास्त रुपये बुडालेत. आता कागद घ्या आणि २० हजार कोटींना ४५ कोटींनी भागा. माणशी ४४४ रुपये येतात. हे एका वर्षाचं नुकसान धरलं, तर महिन्याला ३७ रुपये. विरार स्टेशनबाहेर दोन वडापाव.

मग एवढ्यासाठी कायदा कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते चांगलं लक्षण आहे. तुम्ही आकडा वाचून पुढे गेला नाहीत. पण "म्हणजे नुकसान किरकोळच आहे" असं म्हणून थांबलात, तर संशोधनाच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

मी नालासोपारा पूर्वेला राहते. आमच्या मजल्यावरचे एक दादा वालीवच्या एका गाळ्यात कामाला आहेत. मी पीएच.डी. करते एवढं त्यांना माहीत होतं, विषय माहीत नव्हता. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, "ताई, नेमका कसला अभ्यास करता?" मी म्हटलं, मोबाइलवरच्या जुगारात लोकांचे पैसे जातात, त्यांना वाचवायचे कुठले उपाय खरंच चालतात ते बघते. ते म्हणाले, "हां, लोक फार खेळतात. मी नाय खेळत. मी फक्त टीम लावतो, ४९ रुपयांची." तेव्हा हे ॲप चालू होते. पुढे दोनेक महिन्यांनी बिल्डिंगमधल्या बायकांच्या भिशीचा त्यांच्या घरचा हप्ता चुकला, आणि वहिनींकडून कळलं की कर्ज देणाऱ्या कुठल्याशा ॲपवाल्यांचे वसुलीचे फोन गाळ्यातल्या शेठपर्यंत गेले होते.

दादा खोटं बोलले का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या डोक्यात जुगार म्हणजे मटका, तीन पत्ती, अड्डा, पोलिसांची धाड. फँटसी क्रिकेटची टीम हा वेगळा कप्पा. आणि एका टीमचे ४९ रुपये हेही खरंच होतं. दिवसाला किती टीम, हे मी विचारलंच नव्हतं.

या दोन गोष्टी, म्हणजे सरासरीमागे लपलेलं नुकसान आणि शब्दामागे लपलेलं नुकसान, ग्राहक संरक्षणाच्या सगळ्या संशोधनाच्या मुळाशी आहेत. आधी सरासरी घेऊ.

लोकलच्या डब्यातले १०० जण कल्पनेने उभे करा (विरार फास्टमध्ये कल्पनाही करायला नको, असतातच). त्यांचं मिळून नुकसान ४४,४०० रुपये, सरासरी ४४४. आता समजा त्यातल्या ९५ जणांचे प्रत्येकी ५० रुपये गेले. ते झाले ४,७५०. उरलेले ३९,६५० रुपये पाच जणांचे, म्हणजे प्रत्येकी ७,९३०. सरासरी तीच, पण गोष्ट साफ बदलली. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, पण प्रत्यक्षातला आकार असाच एका बाजूला झुकलेला असतो, हे खूप वेळा दिसलंय.

यातला पायाभूत अभ्यास २००७ सालचा. हार्वर्डशी संलग्न संशोधकांच्या एका गटाने ब्विन या युरोपियन कंपनीच्या ४०,४९९ ग्राहकांच्या खऱ्या नोंदी तपासल्या. सगळ्यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये खातं उघडलेलं, आणि पुढचे आठ महिने त्यांचा प्रत्येक डाव कंपनीच्या संगणकात नोंदलेला. त्याआधी बहुतेक संशोधन "तुम्ही किती खेळता?" असं विचारून व्हायचं. इथे विचारायची गरजच नव्हती. निघालं असं, की मधला खेळाडू अगदी मवाळ होता: साधारण चार दिवसांतून एकदा, दोन-तीन डाव, प्रत्येकी चारेक युरो. पण सगळ्यात वरचा एक टक्का वेगळ्याच जगात होता. म्हणून हा विषय घेणार असाल तर सरासरीसोबत मध्यक आणि वरच्या एक व पाच टक्क्यांचा वाटा द्यायची सवय लावून घ्या. गाइड मागो न मागो.

दुसरा अभ्यास २०२१ चा, नेचर ह्यूमन बिहेवियर या नियतकालिकातला. मगल्टन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या बँकेच्या ६५ लाखांपर्यंत ग्राहकांचे, नावं काढून टाकलेले व्यवहार पाहिले. कंपनीच्या नोंदीत फक्त त्या एका कंपनीवरचा खेळ दिसतो. बँकेच्या नोंदीत पगार, भाडं, हप्ता, औषधं आणि जुगार सगळं एका रांगेत दिसतं. सगळ्यात जास्त खर्च करणारे एक टक्का लोक उत्पन्नाचा ५८ टक्के भाग जुगारात घालत होते. जुगारावरचा खर्च वाढतो तसं महागडं अल्पमुदतीचं कर्ज घेणं, घराचा हप्ता चुकणं हेही वाढताना दिसलं, आणि हा संबंध अगदी थोडं खेळणाऱ्यांपासूनच सुरू होत होता. अर्थात हा सहसंबंध आहे. कर्जबाजारी माणूस जुगाराकडे वळतो की जुगारी कर्जात जातो, हे एवढ्यावरून सुटत नाही. दोन्ही होत असणार. प्रबंधात हे वाक्य न लिहिता "जुगारामुळे" असा शब्द वापरलात तर परीक्षक तिथेच पेन्सिल टेकवेल.

यातून संरक्षणाबद्दल एक अवघड गोष्ट निघते. कंपनीच्या कमाईचा मोठा वाटा थोड्या लोकांकडून येत असेल, आणि संरक्षणाची गरजही त्याच लोकांना असेल, तर खरोखर चालणारा उपाय कंपनीचं उत्पन्न घटवणारच. म्हणून "आम्ही जबाबदारीने खेळायला सांगतो" असं कंपनी म्हणते, तेव्हा संशोधकाने विचारायचं: सांगितल्यावर नुकसान कमी झालं का? फलित कुठलं मोजलंय ते आधी बघायचं.

ब्रिटनमधल्या जाहिरातींत वर्षानुवर्षं एक वाक्य असायचं. त्याचा आशय, मजा संपली की थांबा. त्यात "मजा" हा शब्दच सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला! न्यूऑल आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन प्रयोगात काही लोकांना हे वाक्य दाखवलं, काहींना नाही, आणि प्रत्यक्ष पैसे लावायला दिले. २०२२ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये निष्कर्ष आला: वाक्यामुळे खेळणं कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. आपल्याकडच्या जाहिरातींच्या शेवटी कुणीतरी राजधानी एक्सप्रेसच्या वेगाने वाचायचं ते "सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा" आठवा. त्याच्यावर असा प्रयोग मराठीत किंवा हिंदीत करायला काहीच हरकत नव्हती.

त्याहून शिकण्यासारखा प्रयोग २०१९ चा, इवानोवा आणि सहकाऱ्यांचा. फिनलंडमधले पाफ या संकेतस्थळाचे ४,३२८ ग्राहक चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटले. काहींना खातं उघडतानाच विचारलं, पैसे भरण्यावर स्वतःची मर्यादा घालता का? काहींना पहिल्यांदा पैसे भरायच्या आधी, काहींना नंतर, आणि एका गटाला विचारलंच नाही. विचारलेल्या गटांत मर्यादा घालणारे वाढले. इथे थांबलं असतं तर "उपाय यशस्वी" अशी बातमी झाली असती. पण त्यांनी निव्वळ तोटाही मोजला, आणि गटांमध्ये त्यात फरक सापडला नाही. लोकांनी मर्यादा घातल्या, पैसे मात्र तेवढेच गेले. कारण स्वतः ठरवलेली मर्यादा पुरेशी वर ठेवता येते. उपाय वापरला गेला आणि उपायाने नुकसान कमी झालं, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मी हे चिकटवून ठेवलंय, कारण माझ्या पहिल्या आराखड्यात मी स्वतः पहिलंच वाक्य मोजायला निघाले होते.

मग चालतं काय? पुरावा साधारण एका दिशेने झुकतो. खेळणाऱ्याच्या मनावर सोडलेल्या उपायांपेक्षा खेळाच्या रचनेत किंवा पैशाच्या वाटेत केलेले बदल जास्त भरवशाचे. ब्रिटनने १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डने जुगार बंद केला, म्हणजे उधारीच्या पैशाची एक वाट बुजवली. एप्रिल २०२५ पासून तिथे ऑनलाइन स्लॉटच्या एका फेरीला ५ पौंडांची कमाल मर्यादा आली, आणि मे महिन्यात १८ ते २४ वयासाठी ती २ पौंडांवर आणली. नॉर्वेने तर २००६ मध्ये जुगाराच्या यंत्रांत नोटा घालणं बंद केलं आणि जुलै २००७ मध्ये यंत्रंच उचलली. इंगेबोर्ग लुंड यांनी बंदीच्या आधी आणि नंतर त्याच लोकांना विचारून दाखवलं की खेळणं आणि त्रास दोन्ही घटले, आणि लोक मोठ्या संख्येने दुसऱ्या जुगाराकडे वळले असंही दिसलं नाही. दोनेक वर्षांनी सरकारी कंपनीने नवी यंत्रं आणली ती खेळाडूचं कार्ड आणि तोट्याची सक्तीची मर्यादा घेऊनच. पण भिंतीला टेकवून ठेवलेलं यंत्र उचलता येतं. खिशातला फोन उचलता येत नाही. तेव्हा नॉर्वेचा निष्कर्ष जसाच्या तसा नालासोपाऱ्यात लावायला जाऊ नका.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या कायद्याने दीर्घकाळ विचारलेला प्रश्न ग्राहकाचा नव्हताच. तो होता: खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १८८७ चा मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, आणि निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याची ठरवली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम ११ च्या फँटसी खेळाबद्दल तेच म्हटलं. परिणाम असा, की आकडा लिहून घेणारा टपरीवाला पोलिसांच्या यादीत, आणि मॅचच्या दर ओव्हरला जाहिरात करणारं ॲप कायदेशीर. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं. पण कौशल्याच्या खेळातही दहातले नऊ हरू शकतात, उधार घेऊन खेळू शकतात, रात्री तीन वाजता खेळू शकतात. नुकसानाला कौशल्य-नशीब हा भेद कळत नाही.

तमिळनाडूने प्रश्न बदलून पाहिला. तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या नियमांत पैशाच्या खेळांना रात्री १२ ते पहाटे ५ बंदी, आधारने ओळख पटवणं आणि ठरावीक वेळाने स्क्रीनवर इशारा अशा अटी होत्या. कंपन्या न्यायालयात गेल्या. ३ जून २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने नियम उचलून धरले. संशोधकाला हे सोन्यासारखं होतं: एका राज्यात रात्री कुलूप, शेजारच्या राज्यात नाही. रात्रीचा खेळ खरंच कमी झाला की संध्याकाळी सरकला, हे दोन राज्यांतल्या आधीच्या आणि नंतरच्या फरकांची तुलना करून पाहता आलं असतं. या पद्धतीला फरकांतला फरक म्हणतात. अमेरिकेत २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्याची वाट मोकळी केल्यावर राज्यांनी वेगवेगळ्या वर्षी तो सुरू केला, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच करून बघितलं.

पण तमिळनाडूच्या नियमांना सहा-सात महिनेच मिळाले. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत विधेयक मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. नवा कायदा कौशल्य-नशीब हा वादच बाजूला ठेवतो: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या ॲपनी त्याच आठवड्यात पैशाचे खेळ थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या.

मला वाटतं, सरकारने निदान योग्य प्रश्नाकडे मोहरा वळवला. पण अभ्यासक म्हणून एक हळहळ आहेच. आपल्याकडे कोट्यवधी खात्यांच्या नोंदी कंपन्यांकडे होत्या आणि ब्विनसारखा एकही संच स्वतंत्र संशोधकांपुढे आला नाही. ब्विनच्या अभ्यासालाही कंपनीचाच पैसा होता, ही गोष्ट झाकायची नाही. पैसा कुणाचा हे वाचल्याशिवाय या क्षेत्रातला एकही पेपर पुढे वाचू नका. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून कंपन्यांवर सक्तीचा कर लावून तो पैसा संशोधन आणि उपचारांकडे वळवला, तो याच अडचणीमुळे. बंदीनंतर खेळ परदेशी संकेतस्थळांवर गेला असेल, तर त्याच्या नोंदी कुणीच देणार नाही. म्हणजे आपण परत "तुम्ही किती खेळता?" विचारण्यावर आलो. आणि इथे शब्दाचा प्रश्न उभा राहतो.

जगभर वापरली जाणारी प्रश्नावली आहे प्रॉब्लेम गॅम्बलिंग सिव्हिरिटी इंडेक्स, थोडक्यात पीजीएसआय. २००१ मध्ये कॅनडात तयार झाली. नऊ प्रश्न, गेल्या १२ महिन्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण २७ पैकी ८ किंवा जास्त आले तर त्रास गंभीर धरतात. झेपेल त्यापेक्षा जास्त पैसे लावले का, हरलेले परत मिळवायला पुन्हा खेळलात का, उधार घेतलं किंवा काही विकलं का, असे प्रश्न. भारतात अशा मोजणीची थोडी कामं झाली आहेत. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कॉलेज विद्यार्थ्यांमध्ये १९.५ टक्क्यांनी कधी ना कधी पैसे लावल्याचं सांगितलं आणि ७.४ टक्के त्रासाच्या गटात आले. लॉटरी सगळ्यात पुढे. गोव्यात संगत या संस्थेच्या संशोधकांनी सुमारे दीड हजार पुरुषांना विचारलं, तिथे लॉटरी आणि मटका हेच मुख्य. बघा, उत्तर प्रश्नात असलेल्या शब्दांवर किती टेकलेलं असतं.

प्रश्नावलीच्या दारावरच "तुम्ही जुगार खेळता का?" लिहिलंत, तर आमचे दादा "नाही" म्हणून बाहेर. पुढचे नऊ प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचणारच नाहीत, आणि तुमच्या तक्त्यात ते शून्य म्हणून बसतील. भिशीचा हप्ता, वसुलीचे फोन, सगळं शून्य. म्हणून दार बदलावं लागतं: "गेल्या ३० दिवसांत मोबाइलवर कुठल्याही खेळासाठी, टीमसाठी किंवा आकड्यासाठी तुमच्या खात्यातून पैसे गेले का?" मग किती वेळा, मग एका वेळी किती, आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती. शक्य असेल तर माणसाने स्वतःच यूपीआयचा इतिहास उघडून बेरीज करून सांगावी. फोन तुमच्या हातात घेऊ नका. आठवणीतला आकडा आणि इतिहासातली बेरीज यांतलं अंतर हाच एक छोटा प्रबंध होईल.

नीतिमत्ता समितीचा फॉर्म भरताना वसई-विरारसारख्या ठिकाणचे दोन मुद्दे लक्षात ठेवा. एक, ऑनलाइन खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नाही, पण मटक्याच्या अड्ड्यावर सापडलेल्याला १८८७ च्या कायद्यात आहे. तेव्हा दोन्हींबद्दल एकाच फॉर्मवर नावासकट उत्तरं घेऊन ठेवलीत, तर समोरच्याला धोक्यात घालाल. दोन, इथल्या एका खोलीच्या घरात एकांत नसतो. दादांशी सविस्तर बोलताना मी वहिनींसमोरच विचारलं होतं आणि त्यांनी मान हलवून विषय बदलला. ती चूक माझीच. कर्जाचं घरात माहीत नसेल, तर तुमचा प्रश्नच भांडण लावून जाईल. माहितीपत्रकावर टेलि-मानसचा १४४१६ क्रमांक छापा, आणि फसवणूक झालेली असेल तर सायबर तक्रारीचा १९३०. मुलाखतीच्या शेवटी ते कागद हातात द्या, नुसते वाचून दाखवू नका.

पीजीएसआयच्या नऊ प्रश्नांचं मराठी रूप मी सध्या करतेय आणि पहिल्याच प्रश्नातल्या "लावणे" या क्रियापदावर अडकलेय. टीम लावतात, आकडा लावतात, पैसे लावतात, पण रमीचं टेबल "जॉइन" करतात आणि रंगांच्या खेळात "रिचार्ज मारतात". तुमच्या भागात, म्हणजे पालघर, जव्हार, डहाणूकडे किंवा आणखी कुठे, यासाठी कोणते शब्द चालतात ते मला कळवा. पुढच्या लेखात नऊच्या नऊ प्रश्न घेऊ.